ताटांतील श्लेष : चिनी सणांच्या अन्नाचें एक परीक्षण

परक्या समाजाच्या सणावारांची ओळख करून देणारें एखादें टिपण हातीं घ्यावें, तर त्यांत बहुधा एक कोष्टक आढळतें. डाव्या बाजूस पदार्थाचें नांव आणि उजव्या बाजूस त्याचा ‘अर्थ’. चिनी नववर्षाविषयींचीं टिपणें तर ह्या पद्धतीचा नमुनाच होत. मासा म्हणजे समृद्धि, संत्रें म्हणजे सुदैव, शेवया म्हणजे दीर्घायुष्य, कमळबीज म्हणजे संतति, असें एकाखालीं एक लिहिलेलें असतें. वाचक तें वाचतो, ‘मोठे भाविक लोक बुवा!’ असें मनांत म्हणतो आणि पान उलटतो. ह्या कोष्टकांतील माहिती बहुधा खोटी नसते. आमची तक्रार निराळी आहे. एखाद्या उत्तम श्लोकाखालीं ‘कमल म्हणजे मुख, भ्रमर म्हणजे नेत्र’ एवढीच टीप लिहून कोणी टीकाकार स्वस्थ बसला, तर त्यानें श्लोकाचा अर्थ सांगितला असें आपण म्हणणार नाहीं. चिनी सणाचें ताट ही आमच्या मतें एक रचना आहे. तिला भाषा आहे, अलंकार आहेत, परंपरा आहे. आणि जेथें रचना आहे तेथें चांगलें आणि वाईट हा भेदही आलाच. तेव्हां ह्या ताटाचें परीक्षण साहित्याच्या कसोट्यांनीं कां होऊं नये? प्रस्तुत लेखांत तसा एक अल्प प्रयत्न करण्याचें योजिलें आहे.

प्रथम माशाचीच गोष्ट घेऊं. मासा म्हणजे समृद्धि हें खरें, पण तें कां? माशाच्या अंगीं संपन्नतेचा असा कोणताच गुण नाहीं कीं जो कोंबडींत किंवा बदकांत नसावा. कारण आहे तें भाषेंत. चिनी भाषेंत माशास ‘यू’ म्हणतात. आणि ‘उरलेलें’, ‘शिल्लक’ ह्या अर्थाचा दुसरा एक शब्द आहे, त्याचाही उच्चार ‘यू’, स्वराच्या चढासह तंतोतंत तोच. लिहितांना दोहोंचीं अक्षरें निराळीं. बोलतांना भेद मुळींच नाहीं. ‘वर्षानुवर्षें शिल्लक राहो’ असा आशीर्वाद नववर्षाच्या पूर्वरात्रीं उच्चारला जातो, तेव्हां ऐकणाऱ्यास तो ‘वर्षानुवर्षें मासा असो’ असाही ऐकूं येतो. म्हणजे ताटांतला मासा हें समृद्धीचें चिन्ह नव्हे. तो एका वाक्यांतला शब्द आहे. तें वाक्य ज्यास येत नाहीं त्यास तो नुसता मासा आहे.

ही किमया एकट्या माशाची नाहीं. चिनी भाषेची ठेवणच अशी आहे कीं, उत्तरेकडील प्रमाण बोलींत एकंदर सुमारें ४०० निरनिराळे अक्षरोच्चार होतात. स्वरांचे चढउतार जमेस धरले तरी ती संख्या सुमारें १,३०० च्या आसपासच राहते. इतक्या थोड्या उच्चारांवर हजारों शब्दांचा भार पडल्यामुळें एका उच्चाराच्या पोटांत अनेक अर्थ सहज नांदतात. आमच्याकडे मोरोपंतांच्या आर्यांत श्लेषाचें आणि यमकाचें जें वैभव दिसतें, तें एका व्युत्पन्न कवीनें जन्मभर खपून मिळविलेलें आहे. चीनमध्यें तें भांडवल प्रत्येकाच्या जिभेवर जन्मतःच ठेवलेलें असतें, आणि घरची स्वयंपाकीण तें वर्षांतून एकदां चुलीवर खर्च करते.

संस्कृत साहित्यशास्त्रांत मम्मटानें एक सोपी परंतु फार मार्मिक परीक्षा सांगितली आहे. शब्द काढून त्याच्या जागीं समानार्थी शब्द ठेवून पाहावा. अलंकार नाहींसा झाला तर तो शब्दाचा, टिकला तर तो अर्थाचा. हीच परीक्षा चिनी ताटास लावली म्हणजे कोष्टकांत जी सरमिसळ झालेली असते ती ताबडतोब उलगडते, आणि पदार्थांचे तीन वर्ग पडतात. कांहींचा अर्थ उच्चारावर उभा आहे, कांहींचा रूपावर, आणि कांहींचा केवळ कथेवर. तिहींची जात निराळी, तिहींचें आयुष्य निराळें, आणि तिहींचे दोषही निराळे आहेत.

शब्दाश्रित वर्गांत माशाच्या जोडीला दक्षिणेकडील ‘निएनगाव’ येतो. चिकट तांदळाच्या पिठाचा हा वाफवलेला पदार्थ. ‘निएन’ म्हणजे वर्ष आणि ‘गाव’ म्हणजे पिठाची वडी. परंतु ‘गाव’ ह्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ‘उंच’. म्हणून जो हा पदार्थ खातो तो वर्षागणिक उंच चढतो. ह्याहून चतुर रचना लग्नांतली. वधूवरांच्या शय्येवर तांबडे चिनी खजूर, भुईमूग, लिचीच्या जातीचें लाँगन नांवाचें फळ आणि कमळबीजें पसरतात. चौघांच्या नांवांतून एकेक अक्षर उचललें कीं, ‘लवकर’, ‘जन्म’, ‘थोर’ आणि ‘पुत्र’ असे चार शब्द ओळीनें उभे राहतात. चार फळांचें हें एक पूर्ण वाक्य झालें. येथें कमळबीजाच्या जागीं दुसरें कितीही बियाळ फळ ठेवा, वाक्य मोडतें. डाळिंबासारखें फळ संततीचें चिन्ह म्हणून चीनमध्येंही चालतें, पण तें दाण्यांच्या संख्येमुळें. म्हणजे तें दुसऱ्या वर्गांतलें. कोष्टकवाला मात्र दोहोंपुढें ‘संतति’ एवढेंच लिहून मोकळा होतो.

रूपाश्रित वर्गाचा राजा म्हणजे आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस खावयाचा ‘युएबिंग’, म्हणजे चंद्राची पोळी. ही आपल्या पोळीसारखी पातळ नसते. सांच्यांत घालून वर नक्षी उठविलेली, भट्टींत भाजलेली आणि जाड अशी ती असते. दक्षिणेकडे तिच्या पोटांत कमळबीजांचें गोड सारण आणि मध्यभागीं खारविलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक असतो. कापली म्हणजे आंत दुसरा चंद्र दिसतो. चंद्र पूर्ण, पोळी वाटोळी आणि कुटुंबाचा मेळा पुरा, हा अर्थ समजण्यास चिनी भाषा यावी लागत नाहीं. त्याचप्रमाणें ‘जियाओझी’ ही करंजीच्या आकाराची उकडलेली पुडी. तिचा आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा, म्हणून ती धनाची सूचक. शेवया लांब, म्हणून आयुष्य लांब. हे सर्व अलंकार मम्मटाच्या परीक्षेंत टिकतात. भाषा बदला, तरी ते मरत नाहींत.

पहिल्या मासाच्या पौर्णिमेस, म्हणजे दीपोत्सवाच्या दिवशीं, खावयाच्या पिठाच्या गोळ्यांत तर शब्द आणि रूप दोन्ही एकत्र आलीं आहेत. चिकट तांदळाच्या पिठाचे, बहुधा तिळाचें सारण घातलेले हे वाटोळे गोळे गरम पाण्यांत तरंगत असतात. त्यांना ‘थांगयुआन’ म्हणतात, आणि कुटुंबाच्या पुनर्मीलनाचा जो शब्द आहे त्याच्याशीं हें नांव ध्वनीनेंही जुळतें. ह्याच जातीच्या पदार्थाचें दुसरें नांव ‘युआनशियाओ’. त्याविषयीं एक गमतीची आख्यायिका आहे. १९१५ च्या अखेरीस प्रजासत्ताक मोडून स्वतःस सम्राट म्हणविणाऱ्या युआन शिकाईस ह्या नांवांत ‘युआन नाहींसा होवो’ असा दुसरा अर्थ ऐकूं आला, आणि त्यानें तें नांव उच्चारण्यास बंदी केली, असें लोक सांगतात. गोष्ट घडलेली असो वा लोकांनीं रचलेली असो, तिच्यांतलें मर्म खोटें नाहीं. मार्च १९१६ मध्यें त्यास सम्राटपद सोडावें लागलें आणि जूनमध्यें तो वारला. ज्या भाषेंत आशीर्वाद पिठाच्या गोळ्यांत लपूं शकतो, त्या भाषेंत शापही लपूं शकतो.

तिसरा वर्ग कथेचा. पांचव्या मासाच्या पंचमीस पानांत बांधून उकडलेल्या चिकट भाताच्या पुड्या, ‘झोंगझी’, खातात. छू राज्याचा निर्वासित कवि आणि मंत्री छू युआन ह्यानें, परंपरा सांगते त्याप्रमाणें, इ. स. पूर्वीं २७८ सालीं मीलो नदींत देह टाकला. लोक नावा घेऊन त्यास शोधूं लागले, आणि त्यांनीं त्याच्याकरितां नदींत भात सोडला. त्याची ही आठवण. आतां इतिहासाची साक्ष पाहिली तर अडचण येते. ह्या दिवशीं अशा पुड्या खाण्याचा उल्लेख इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील एका ग्रंथांत आहे. परंतु त्यांचा संबंध छू युआनशीं जोडणारी कथा ग्रंथांतरीं दिसते ती त्यानंतर कांहीं शतकांनीं. विसाव्या शतकांतील कवि आणि पंडित वन यिदुओ (१८९९–१९४६) ह्यानें तर हा सण मुळांत दक्षिण-पूर्वेकडील लोकांच्या नागपूजेचा, आणि कवीहून जुना, असें प्रतिपादिलें. म्हणजे अन्न आधीं आणि अर्थ मागाहून!

ह्यावरून ‘मग कथा खोटी ठरली’ असें म्हणून कोणी हात झटकील. आम्हांस तसें वाटत नाहीं. भाताची पुडी हातांत होती आणि तिला अर्थ हवा होता. तेव्हां ह्या समाजानें एखादा विजयी राजा निवडला नाहीं, एखादा धनाचा देवही निवडला नाहीं. त्यानें राजानें हांकलून दिलेला एक कवि निवडला. कथेची ऐतिहासिक सत्यता पंडितांनीं तपासावी. परंतु ही निवड ज्यांनीं केली त्यांची अभिरुचि ही स्वतःच एक ऐतिहासिक सत्य आहे. तिन्ही वर्गांत हा वर्ग सर्वांत कमी चतुर, कारण पानांत बांधलेल्या भातांत कवीच्या मृत्यूसारखें असें कांहींच नाहीं. तरी तो सर्वांत गंभीर आहे.

आतां मूल्याचा प्रश्न घेऊं. ह्या रचनांत उत्तम कोणती आणि हीन कोणती? आमच्या मतें पदार्थ, शब्द आणि कृति हीं तिन्ही जेथें एकमेकांस खरें करतात ती रचना उत्तम. पुन्हा माशाकडे वळूं. पूर्वरात्रीं मासा ताटांत येतो खरा, परंतु पुष्कळ घरीं तो सबंध संपवावयाचा नसतो. थोडा मुद्दाम ठेवून दुसऱ्या दिवशीं, म्हणजे नव्या वर्षीं, खावयाचा असतो. ‘शिल्लक राहो’ असें नुसतें म्हटलें नाहीं, शिल्लक ठेवली. जुन्या वर्षाचें अन्न नव्या वर्षांत गेलें. कोष्टकांत हें कधींच येत नाहीं, कारण कोष्टकास फक्त नामें ठाऊक असतात, क्रियापदें ठाऊक नसतात. जियाओझीचेंही तसेंच. मध्यरात्रीच्या ज्या प्रहरीं जुनें वर्ष नव्यास हात देतें त्या संधीचा अर्थ तिच्या नांवांतून ऐकूं येतो, आणि उत्तरेकडे ती त्याच घटकेस खातात. परंतु त्याआधीं घरचीं सर्व माणसें एकत्र बसून, एकानें लाटावें आणि दुसऱ्यानें सारण भरावें, अशी ती करतात. मेळा हा तिचा अर्थ नसून तिची कृति आहे.

ह्या उत्तम वर्गांत एक विनोदी रचनाही घातली पाहिजे. वर्षाच्या शेवटच्या मासांत २३ व्या किंवा २४ व्या दिवशीं चुलीचा देव स्वर्गांत जाऊन घरच्या माणसांच्या वर्षभराच्या वागणुकीचा अहवाल देतो. त्यास निरोप देतांना चिकट गोड साखरेचा पदार्थ अर्पण करतात. हेतु दुहेरी आहे: देव गोड बोलेल, आणि न बोलला तर निदान त्याचे ओठ तरी चिकटतील! तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंति करणाऱ्या आमच्या वाचकांस हा विनोद परका वाटणार नाहीं. जे लोक ह्यास भाबडी समजूत म्हणतात त्यांना ह्या नैवेद्यामागचें हंसूं दिसलेलें नसतें. देवास लांच देणारा मनुष्य देवास भितो असें सिद्ध होतें, पण आपल्या घरांत सांगण्याजोगें बरेंच घडलें आहे हें तो मोकळेपणानें कबूलही करतो.

चिनी साहित्यकारांस आपल्या ताटाचें हें श्लेषमय स्वरूप चांगलें ठाऊक होतें. अठराव्या शतकांत त्साओ शुएछिन ह्यानें लिहिलेल्या ‘लाल महालाचें स्वप्न’ ह्या कादंबरीच्या १९ व्या अध्यायांत नायक बाओयू हा दाइयूस एक गोष्ट सांगतो. बाराव्या मासाच्या अष्टमीस धान्यें आणि फळें घालून जी लापशी करतात तिच्याकरितां उंदीर जिन्नस चोरावयास निघतात. एक चिमुकला उंदीर म्हणतो, मी सुवासिक अळकुडी होऊन अळकुड्यांच्या राशींत मिसळतों. आणि होतो मात्र एक सुंदर मुलगी. कारण ‘शियांगयू’ म्हणजे सुवासिक अळकुडी, आणि त्याच उच्चाराचें ‘सुगंधी जेड-रत्न’. तें रत्न म्हणजे जिच्या नांवांत ‘यू’ हें रत्नवाचक अक्षर आहे ती समोर बसलेली दाइयूच! सणाच्या लापशींतला एक कंद येथें प्रेमाची थट्टा झाला आहे. हाच लेखक ५३ व्या अध्यायांत दुसरी बाजूही दाखवितो. नववर्षाकरितां जहागिरीवरून कारभारी जिनसांची लांबलचक यादी घेऊन येतो. तींत ३० मोठीं हरणें आहेत, तऱ्हेतऱ्हेचे मासे आहेत, धान्य आहे. अतिवृष्टीनें आणि गारपिटीनें पीक बुडाल्याचें तो सांगतो. आणि मालक, इतक्यांत सण कसा व्हावा, म्हणून कुरकुरतो. एकाच ग्रंथांत ताटाचा श्लेषही आहे आणि ताटाचा हिशेबही आहे. आमच्या मतें जो टीकाकार पहिला सांगतो आणि दुसरा गाळतो त्याची टीका अपुरी आहे.

तो हिशेब आतां आपणही पाहूं. कारण हीन रचना कोणती तें त्यावरून कळतें. दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांताच्या बोलींत ‘फात्-चॉय’ म्हणजे ‘धनवान व्हा’. ह्याच उच्चाराच्या जवळ जाणारें एका काळ्या, केसांसारख्या वनस्पतीचें नांव आहे. तिला स्वतःची अशी विशेष रुचि नाहीं. तिचें सर्व मोल नांवांत. परंतु ती उगवते दूर उत्तरेस, अंतर्मंगोलिया, निंगशिया आणि कान्सू इकडील कोरड्या गवताळ भूमीवर; आणि ती गोळा करण्याकरितां लोखंडी दांताळ्यांनीं जमीन खरवडली कीं गवताचीं मुळें उपटलीं जातात व माती वाऱ्याबरोबर जाते. वाळवंट पुढें सरकूं लागलें, तेव्हां २००० सालीं चिनी सरकारनें ही वनस्पति गोळा करणें आणि विकणें ह्यांवर बंदी घातली. दक्षिणेच्या ताटांतील एका श्लेषाकरितां उत्तरेची कुरणें उजाड व्हावीं, ह्याहून शब्दानें अर्थावर केलेली मात ती कोणती? येथें मासा ठेवण्यासारखी कृति नाहीं, चंद्रपोळीसारखें रूप नाहीं, छू युआनसारखी स्मृति नाहीं. जुन्या शास्त्रकारांनीं केवळ शब्दचमत्कृतीवर जगणाऱ्या काव्यास अधम म्हटलें. तो निर्णय कठोर आहे असें आम्हांस पूर्वीं वाटे, आतां तसें वाटत नाहीं.

रूपाश्रित रचनेचा दोष निराळा. जें सर्वांस सहज समजतें तें सहज विकलेंही जातें. चंद्रपोळी ही घरांत कापून वांटून खाण्याची वस्तु होती; कापणें आणि वांटणें ह्यांतच तिचा अर्थ होता. ती मखमली पेट्यांत बसून अधिकाऱ्यांच्या घरीं जाऊं लागली, तेव्हां वाटोळेपणा तसाच राहिला, पण मेळा गेला आणि त्याच्या जागीं मेहेरबानी आली. ही गोष्ट इतकी वाढली कीं २०१३ सालीं चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तपालन आयोगास सरकारी पैशानें अशा पोळ्या भेट देण्यास मनाई करावी लागली. कोष्टकाच्या दृष्टीनें दोन्ही पोळ्यांपुढें ‘पुनर्मीलन’ हाच शब्द लिहावा लागेल, ह्यावरून कोष्टकाची योग्यता वाचकांनींच ठरवावी.

शब्दाश्रित रचना देशांतर सहन करीत नाहीं असें आम्हीं वर म्हटलें. तें एका अर्थीं खरें आणि एका अर्थीं अपुरें आहे. ‘फात्-चॉय’चा श्लेष उत्तरेकडील बोलींत पुरता जुळतही नाहीं, म्हणजे एका देशांतच ताटाच्या पोटभाषा आहेत. मुंबईंत माझगांव येथें १९१९ सालीं बांधलेलें ‘सी यूप कून’ हें चिनी मंदिर आहे. ‘सी यूप’ म्हणजे क्वांगतुंग प्रांतांतील चार परगणे. तेथून आलेल्या लोकांची बोली दक्षिणेची, तेव्हां त्यांचे श्लेषही दक्षिणेचेच. उलट, जेथें बोलणारीं माणसें पुरेशीं असतात तेथें ही कविता नवीनही जन्मते. कच्च्या माशाचे पातळ काप आणि अनेक रंगांच्या भाज्यांचा कीस एका थाळींत घालून, सर्वांनीं काड्यांनीं तो उंच उडवीत शुभ वाक्यें मोठ्यानें म्हणावयाचीं, ही सिंगापूर-मलेशियांतील नववर्षाची चाल तिच्या आजच्या थाटांत १९६० नंतरच्या काळांत लोकप्रिय झाली. प्रत्येक जिन्नस घालतांना एक वाक्य म्हणावयाचें! परंपरा जुनी असावी लागते असें नाहीं. ती बोलती असावी लागते.

येथवर आम्हीं ताटाकडे पाहिलें. परंतु ताटाभोंवतीं माणसें असतात, आणि कांहींना तेथें येऊंही देत नाहींत. ह्या विषयावरील सर्वांत कठोर टीका कोणा समाजशास्त्रज्ञानें केलेली नसून लू शुन ह्यानें १९२४ सालच्या ‘चू-फू’ म्हणजे ‘मंगलयाचना’ ह्या कथेंत केली आहे. कथेंतील विधवा मोलकरणीस स्वतःचें नांवही नाहीं. ती ‘शियांगलिनची बायको’ म्हणूनच ओळखली जाते. पहिल्या वर्षीं मालकाच्या घरचें वर्षअखेरचें सारें काम तिनें एकटीनें उरकलें: झाडणें, धुणें, कोंबड्या आणि हंस कापणें, रात्रभर नैवेद्य शिजविणें. त्यांत ती सुखी होती. पुढें सासरच्यांनीं तिला पळवून नेऊन तिचें बळेंच दुसरें लग्न लाविलें. तो नवराही वारला, मूल लांडग्यानें नेलें, आणि ती परत आली. आतां तेच हात अमंगळ ठरले. नैवेद्याच्या भांड्यास तिनें हात लावूं नये. पापक्षालनाकरितां साठविलेली सारी मजुरी देऊन तिनें देवळास उंबरठा अर्पण केला, आणि हिवाळ्याच्या संक्रमणाच्या दिवशीं मोठ्या विश्वासानें ती पितरांच्या पूजेचीं भांडीं उचलावयास गेली. तरीही तिला थांबविण्यांत आलें. त्या दिवसापासून ती खचली. गांवभर नववर्षाची मंगलयाचना चालली असतां भिकारीण होऊन ती मेली.

लू शुनच्या कथेंत कोंबडी, हंस, मद्याचे पेले हें सर्व अर्थपूर्ण आहे. इतकें अर्थपूर्ण कीं, त्यास एका बाईचा स्पर्श सोसत नाहीं. पूजा पुरुषांनींच करावयाची, आणि राबून हात लाल करून घ्यावयाचे ते बायकांनीं, हेंही तो जातां जातां सांगून ठेवतो. कोणी म्हणेल, हा दोष रूढीचा, अन्नाचा नव्हे. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. लग्नशय्येवरच्या त्या चार फळांनीं ‘पुत्र’ म्हटलें तेव्हां कन्येस त्या वाक्यांत जागा उरली नाहीं, आणि जिच्या शय्येवर तीं पसरलीं तिला काय हवें तें कोणी विचारलें नाहीं. वाक्य सुंदर आहे म्हणून त्याचा आशय तपासावयाचा नाहीं, असा नियम काव्यास आपण लावीत नाहीं. मग ताटास तरी कां लावावा?

ह्यावर उलट बाजूचा वाचक म्हणेल, असें असेल तर हा सारा पसारा टाकूनच द्यावा. तेंही आम्हांस पटत नाहीं. प्रजासत्ताकानें १९१२ सालीं पाश्चात्य पंचांग स्वीकारलें आणि पुढें १९२८ नंतर जुनें नववर्ष बंद पाडण्याचा सरकारी प्रयत्नही झाला. लोकांनीं तो मानला नाहीं. २०२४ च्या डिसेंबरांत ह्याच सणाचा युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत समावेश केला. यादींत जाणें हा सन्मान आहे खरा, पण यादी हीही एक प्रकारचें कोष्टकच आहे. सण जगतो तो तिच्यामुळें नाहीं. अजून कोणी तरी माशाचा एक तुकडा उद्यांकरितां बाजूस काढतो म्हणून जगतो. आजही पुष्कळ घरीं एक पेर कापून दोघांत वांटीत नाहींत, कारण ‘पेर वांटणें’ आणि ‘ताटातूट’ ह्यांचा उच्चार एकच. फळ अखंड ठेवण्याइतकी ज्यांना वियोगाची धास्ती वाटते, त्यांची ती धास्ती खरी आहे, उच्चाराचा योगायोग कितीही पोकळ असो.

शेवटीं एका ताटाचा उल्लेख करून हें परीक्षण पुरें करूं. चीनच्या अंतर्भागांत जेथें समुद्र दूर आणि मासा दुर्मिळ, तेथें कांहीं गरीब प्रदेशांत नववर्षाच्या ताटांत लाकडाचा कोरलेला मासा ठेवण्याची चाल होती. श्लेष पुरा झाला पाहिजे म्हणून शब्द ताटांत आला. पदार्थ आला नाहीं. हा मासा कोणीच खाऊं शकत नसल्यामुळें तो दरसाल अगदीं अखंड शिल्लक राही, आणि आशीर्वादाचें वाक्य अक्षरशः खरें होई. ह्या ताटास कोष्टकांत कोठें बसवावें? ‘समृद्धि’ असें त्याच्यापुढें लिहिण्यास आमची लेखणी धजत नाहीं. परंतु तिन्ही वर्गांत मिळून ह्याहून थोर रचना आम्हांस आढळली नाहीं. आणि ती रचणाऱ्यांच्या ताटांत खरा मासा पडेपर्यंत ती अपुरीच म्हटली पाहिजे.